गाठ काढली, मग जनुकांची तपासणी कशाला?

प्रश्न : आप्पांच्या (वय ५९) जठरातली ७ सेंमीची गाठ जळगावला काढली. रिपोर्टमध्ये ‘जिस्ट, सीडी११७ आणि डॉग१ पॉझिटिव्ह, माइटोसिस ८ (५ चौ. मिमीमध्ये), कडा मोकळ्या’ असं लिहिलंय. गाठ अख्खी निघाली, तरी डॉक्टर जनुकांची तपासणी करा म्हणतात. केळीचं खोड कापलं तरी बुडातून पिलं फुटतात, तसं आहे का हे?
– एक वाचक, रावेर

उत्तर : अगदी तसं नाही. जिस्ट म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारी एक प्रकारची कॅन्सरची गाठ; सीडी११७ आणि डॉग१ या तिच्या ओळखीच्या खुणा. पिलं त्याच बुडाशी फुटतात. जिस्ट परत आला तर बहुतेक वेळा यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर येतो. म्हणून कडा मोकळ्या असणं, म्हणजे कापलेल्या कडेला आजार नसणं, चांगलंच, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

परत येण्याचा धोका आधी चार गोष्टींवरून काढतात : गाठीचा आकार, माइटोसिस म्हणजे दुभंगणाऱ्या पेशींची संख्या, गाठीची जागा आणि गाठ फुटली होती का. जठरातली ५ ते १० सेंमीची गाठ असेल आणि माइटोसिस ५ पर्यंत असतील, तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर आजार पसरण्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही आत आहे. माइटोसिस ५ च्या वर गेले की तेच ५५ टक्क्यांच्या घरात जातं, आणि अशीच गाठ लहान आतड्यात असेल तर ८५ च्या. आप्पा ५५ वाल्या गटात बसतात. एवढं सगळं एका मोजणीवर अवलंबून असल्यानं ती कशी केली हे विचारून घ्या. जुन्या पद्धतीत ‘५० हाय पॉवर फील्ड’ मोजत (भिंगातून एका वेळी दिसतं तेवढं क्षेत्र म्हणजे एक फील्ड). आजच्या रुंद भिंगांत ५ चौ. मिमी साधारण २० ते २५ फील्डमध्येच भरतात. नव्या मायक्रोस्कोपवर ५० फील्ड मोजली तर क्षेत्र दुप्पट होतं आणि आकडा उगाच फुगतो. तुमच्या रिपोर्टमध्ये चौ. मिमी लिहिलंय, म्हणजे मोजणारा जाणकार आहे.

आता गाठीतली जनुकं. इथे दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकत्र करतात. आजार किती आडदांड आहे, हा एक. इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी लागू पडेल का, हा दुसरा. किट जनुकाच्या एक्सॉन ११ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक भाग) ५५७-५५८ हा तुकडा गळालेला असेल तर आजार जास्त आक्रमक असतो, पण इमॅटिनिब त्यावर उत्तम चालतं. उलट पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकाचा डी८४२व्ही हा बदल मुख्यतः जठरातल्या गाठींत दिसतो. हा आजार तुलनेनं सौम्य, पण इमॅटिनिब त्याला जुमानत नाही. असं असताना तपासणी न करता गोळी सुरू केली, तर माणूस तीन वर्षं फुकट सूज नि मळमळ सोसणार. किटच्या एक्सॉन ९ चा बदल बहुधा लहान आतड्यात सापडतो. हा बदल असून आजार पसरलेला असेल तर रोज ४०० ऐवजी ८०० मिग्रॅचा विचार होतो. दोन्ही जनुकांत काहीच सापडलं नाही, तर गाठीत एसडीएचबी या प्रथिनाची तपासणी मागा.

आप्पांचा बदल गोळीला दाद देणारा निघाला तर रोज ४०० मिग्रॅ, ३ वर्षं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हिया-जर्मनीच्या चाचणीत ३ वर्षं गोळी घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते, १ वर्ष घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के. गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते; तिला घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. खर्चाचं म्हणाल तर १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. जेनेरिक गोळ्या मिळतात, त्याच लिहून मागा.

प्रश्न : भुसावळहून आईच्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी ‘डीएनए अपुरा’ असं उत्तर आलं. चूक कुणाची?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : बहुधा मुंबईची नाही. गाठ पहिल्या दिवशी कशात बुडवली, तिथे बघा. हवं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, गाठीच्या किमान दहापट. मोठी गाठ उभी चिरून ठेवावी लागते, नाहीतर द्रव आत पोचत नाही आणि मध्यभाग सडतो. बफर नसलेलं फॉर्मेलिन आंबट होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. सहा तासांपेक्षा कमी किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त बुडवणं, दोन्ही वाईट. सुटीच्या आधी शस्त्रक्रिया झाली की हा घोळ हमखास होतो.

एकाच गाठीचे बरेच ब्लॉक असतात. ‘ज्यात गाठीच्या पेशी भरपूर आणि मेलेला भाग कमी, तो ब्लॉक द्या’ असं पॅथॉलॉजिस्टना सांगा आणि त्याचा क्रमांक रिपोर्टच्या प्रतीवर लिहून घ्या. सगळे ब्लॉक एकदम देऊ नका, पोच घ्या. ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापतंच. ब्लॉक हातातल्या पिशवीत न्या, डिकीत नको.

प्रश्न : भाऊ ४१ वर्षांचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ‘एमएसआय-हाय’. हे वाईट का? आम्हा दोघी बहिणींना धोका आहे का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : एमएसआय-हाय म्हणजे गाठीत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं बिघडलेली आहेत. दुसऱ्या स्टेजला हे चांगलं लक्षण आहे. आजार परत येण्याचं प्रमाण कमी असतं आणि एकट्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा अशा रुग्णांना फायदा दिसत नाही, म्हणून केमो बहुधा टाळतात.

तुमच्यासाठी मात्र पुढची पायरी महत्त्वाची. त्यातलं कोणतं प्रथिन गायब आहे ते रिपोर्टमध्ये पाहा. एमएलएच१ असेल तर आधी गाठीत बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकातला बदल तपासतात. तो सापडला तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता फारच कमी. एमएसएच२ गायब असेल तर भावाच्या रक्ताची लिंच सिंड्रोमसाठी (घराण्यात चालत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकबदल) तपासणी करा. आधी भावाची, मग तुमची. बदल त्याच्यात सापडल्याशिवाय तुमचं रक्त तपासून हाती काही ठोस लागत नाही. त्याच्यात सापडला, तर तुम्हा प्रत्येकीला तो असण्याची शक्यता साधारण ५० टक्के. ज्या बहिणीत नाही तिला वेगळ्या तपासण्या नकोत. जिच्यात आहे तिनं दर १-२ वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची, आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असल्यानं अवेळी रक्त जाऊ लागलं तर ते कधी अंगावर काढायचं नाही.