बॉल बघू नकोस

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ऑफिसच्या बास्केटबॉल टीमने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, ऐरोलीची शाळा १४ वर्षांखालची मुलं सांभाळायला बोलावतेय, आणि ते घेतलं की आपला खेळ संपला असं तुला वाटतंय. गुडघ्याबद्दल मात्र एकच ओळ, तीही शेवटी. डिफेन्सला वाकताना तुझा डावा पाय मागे राहतो, हे मला वाशीच्या मॅचमध्येच दिसलं होतं. तुला नाही कळलं, कारण तू बॉल बघत होतास.

बॉल बघू नकोस. एवढंच सांगायचंय मला.

४० मिनिटांची मॅच, कोर्टवर १० जण, बॉल एक. भागाकार कर. एकेकाच्या वाट्याला जेमतेम ४ मिनिटं. उरलेली ३६ मिनिटं तो काय करतो? स्क्रीन लावतो का, म्हणजे साथीदारासाठी डिफेंडरची वाट अडवतो का? साथीदार चकला तर हेल्पला येतो का? शॉट सुटल्यावर बॉक्स-आऊट करतो, म्हणजे समोरच्याला पाठीने रिंगपासून दूर ठेवतो, की रिंगकडे मान वर करून उभा राहतो? कोचचं काम त्या ३६ मिनिटांत असतं. बॉल तर प्रेक्षकही बघतात. तू अजून प्रेक्षकच आहेस. राग आला तर येऊ दे.

मी हे बेंचवर शिकलो. ठाण्याहून नागपाड्याच्या मस्तान तलाव मैदानावर जायचो; ज्या टीमला माणूस कमी, तिची जर्सी अंगात. पुढे वर्षानुवर्षं तेच. बॉल आपल्या हातात येणारच नाही हे कळलं की माणूस बाकीचं बघायला लागतो. लोक म्हणतात, ज्यांना खेळायला जमलं नाही ते शिकवायला लागले. म्हणोत बापडे. एरिक स्पोल्स्ट्रा जर्मनीत छोट्या क्लबकडून खेळला, १९९५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या मायामी हीट टीममध्ये व्हिडिओच्या कामाला लागला, २००८ मध्ये त्याच टीमचा हेड कोच झाला, २०१२ आणि २०१३ मध्ये चॅम्पियन. हाताशी लेब्रॉन जेम्ससारखा सुपरस्टार होता, मान्य. पण हातात बॉल नसताना लेब्रॉनने कुठे उभं राहायचं, हेही कुणीतरी ठरवावं लागतंच ना!

मला पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा करायचा होता. रजा मिळाली नाही, घरही चालवायचं होतं. ती खंत अजून जात नाही. तू निदान तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी कर.

शाळेतल्या पोरांना पहिल्या दिवशीच थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटची बास्केट, मारायची असेल. ६.७५ मीटरवरून! अंगात जोर नसतो, मग कमरेतून बॉल भिरकावतात आणि तीच सवय हाताला लागते. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग खाली, २.६० मीटरवर आणि बॉल लहान, ५ नंबरचा, तो काय उगाच? पहिला महिना स्टान्स (गुडघे वाकवून उभं राहणं), जंप स्टॉप (उडी मारून दोन्ही पायांवर थांबणं), पिव्होट (एक पाय रोवून वळणं). बॉल पिशवीत राहिला तरी चालेल. पालक जाळीबाहेरून विचारतील, ‘शूटिंग कधी?’ खुशाल माझं नाव सांग.

आधी गुडघा दाखव, मग शाळेला होकार कळव. रविवारी नेरुळला मॅच आहे, माझ्या शेजारी बस. मी एका पोराचा जर्सी नंबर सांगेन. शेवटच्या शिट्टीपर्यंत नजर त्याच्यावरून हलता कामा नये. मध्येच स्कोअर विचारलास तर उठवून लावेन.