गरम पाणी मध्येच गार का होतं?

लगेच नवा गिझर घ्यायला धावू नका. बेसिनला कडक गरम पाणी येतंय आणि शॉवरला मात्र कोमट, म्हणजे गिझर ठीक आहे. बहुतेक वेळा गार पाणीच चोरवाटेने गरम लाइनमध्ये शिरत असतं.

आधी हे तपासा. गिझरचा वीजपुरवठा बंद करा. त्याच्याकडे जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बेसिनचा फक्त गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं तर उत्तम. धार चालूच राहिली, तर कुठल्या तरी मिक्सरमधून (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) गार पाणी गरम लाइनमध्ये जातंय. आता एकेका मिक्सरचे अँगल कॉक (त्याला पाणी देणाऱ्या पाइपांवरचे छोटे व्हॉल्व्ह) बंद करत जा. ज्याने धार थांबेल तो दोषी.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे हँड शॉवर. लोक त्याचं बटण सोडतात, पण मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवतात. पाण्याला बाहेर वाट नसते, मग जास्त दाबाचं गार पाणी गरम पाइपात घुसतं. नळ बंद करायची सवय लावा. नळ बंद असूनही घुसत असेल, तर कार्ट्रिज (मिक्सरच्या आतला पाणी उघड-बंद करणारा भाग) बदला आणि दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) बसवा.

शॉवरची जाळी क्षाराने तुंबली असेल तर तीही साफ करा.

एक कळकळीची विनंती: गार वाटतं म्हणून थर्मोस्टॅट वाढवू नका. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांना तर आणखी लवकर.