मालक म्हणतात ‘बघू’, मग बघायचं कुणी?

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीजवळ बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अकाउंट बघते, सात वर्षं झाली. आधीचे मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सकाळी नऊच्या ठोक्याला गेटवर हजर असायचे. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता मुलगा मालक आहे पण ते पुण्यातच असतात, महिन्यातून एखादा शनिवार येतात, पंधरा मिनिटं केबिनमध्ये फोन बघत बसतात, निम्मा चहा तसाच ठेवून जातात. व्हॉट्सअॅपवर काही विचारलं की निळ्या टिका येतात, उत्तर नाही, आलंच तर ‘बघू’. जीएसटी, पीएफ, लाईट बिल सगळं माझ्याकडेच, त्यांच्या डिजिटल सिग्नेचरची पेनड्राइव्हसुद्धा माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मागच्या महिन्यात एका जुन्या शेतकऱ्याला भाड्यात दोन हजार सोडले, तर म्हणाले मला विचारलं का नाही. चार दिवस आधी मेसेज टाकला होता! पगार तीन वर्षं आहे तेवढाच. माल थंड ठेवणाऱ्या अमोनिया गॅसच्या लाईनच्या एका व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग, थोडी गळते असं ऑपरेटर दोन आठवडे सांगतोय, तेही अडकलंय. घरी म्हणतात डोक्यावर साहेब नाही म्हणजे बरंच की. नोकरी सोडू, का गप्प बसून आपलं काम करत राहू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी आलाय, तो मी सगळ्यात आधी घेतो. दोन आठवडे मालकाच्या ‘बघू’वर गॅसचं काम थांबवायचं नसतं. अमोनियाचा वास थोडा असला तरी नाकात शिरतो म्हणून माणसं त्याला सरावतात, ‘थोडं येतंय, रोजचंच’ म्हणतात, आणि नेमकं तिथंच चुकतं. जास्त झाला की डोळे आणि घसा जाळतो, मग पळायलाही दिसत नाही. हे वाचल्या वाचल्या ऑपरेटरकडून रजिस्टरला दोन ओळी लिहून घ्या, कुठला व्हॉल्व्ह, कधीपासून, खाली त्याची सही. प्लांट बसवणाऱ्या माणसाला बोलवा, पैसे किरकोळ खर्चातून द्या, आणि मालकाला मेसेज टाका की काम करून घेतलंय, बिल पाठवतेय. करू का असं विचारू नका. जाता जाता ते गॅसचे मास्क कपाटात कुलूप लावून ठेवलेत का तेवढं बघा, बऱ्याच ठिकाणी तसंच असतं आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात असते.

हे मी एवढ्या जोरात सांगतोय कारण स्वतः होकाराची वाट बघत बसलेला माणूस आहे. 2019 चा ऑगस्ट. मी तेव्हा बेदाण्याची खोकी पुरवणाऱ्या एका धंद्यात गोडाऊन बघायचो, गोडाऊन मारुती चौकाच्या अंगाला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी तिकडं सरकायला लागलं तसे शेजारचे दुकानदार माल वर चढवायला लागले. मालक बाहेरगावी, फोन लागेना, टेम्पो लावायचा म्हणजे भाडं कुणाला विचारून द्यायचं, म्हणून मी आपला दर अर्ध्या तासाला फोन लावतोय आणि दारात उभा राहून पाणी बघतोय. तुम्हाला माहीतच आहे पुढं काय झालं, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गोडाऊन उघडलं तर खोक्यांचा नुसता लगदा झालेला, फावड्यानं ओढून काढला. मालक आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘तुला डोकं नव्हतं का?’ आदल्याच महिन्यात न विचारता हमालाला दोनशे रुपये जास्त दिले म्हणून ह्याच माणसानं मला चार लोकांत झापलं होतं.

म्हणजे विचारून केलं तरी तुम्ही, न विचारता केलं तरी तुम्ही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरचे म्हणतात डोक्यावर कोणी नाही, पण डोक्यावर कोणी नसणं आणि पाठीशी कोणी नसणं हे वेगळं असतं ना.

आता मालकाबद्दल. रागावू नका, पण मला तो आळशी वाटत नाही, बिचकलेला वाटतोय. बापानं उभा केलेला धंदा अंगावर पडलाय, बेदाण्यातलं तुम्हाला कळतं, त्याला कळत नाही, आणि हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. काही विचारायला गेला तर अज्ञान उघडं पडणार, मग फोनमध्ये डोकं घालून पंधरा मिनिटं काढलेली बरी. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण वागून बघायला पैसे पडत नाहीत. त्याला ‘काय करायचं सर?’ असं मोकळं विचारणं बंद करा, त्याचं उत्तर ‘बघू’च येणार. असं लिहा : ‘सर, लाईट बिलाची शेवटची तारीख शुक्रवार, पैसे अमुक खात्यातून भरतेय, दुसऱ्या खात्यातून हवे असतील तर गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगा.’ म्हणजे तो गप्प बसला तरी काम पुढं जातं, आणि त्याला ठरवायचंच असेल तर एका शब्दात ठरवता येतं. येत्या शनिवारी एक कागद पुढं ठेवा, भाड्यात किती सूट मी देऊ शकते, दुरुस्तीला किती खर्च न विचारता करू शकते, आकडा मोकळा सोडा आणि त्याला त्याच्या हातानं भरू दे. दोन हजार लिहील, पाच हजार लिहील, काही का असेना. तो शेतकऱ्याचा तमाशा परत होणार नाही. आणि जमलं तर त्याला केबिनमधून उठवून एकदा चेंबरमध्ये न्या, हिरवा, पिवळा, काळा माल हातात द्या, कुणाचा किती पडून आहे ते दाखवा. चहा मग तिथंच द्या.

पण हा ‘गप्प म्हणजे हो’चा हिशेब सहीला लावायचा नाही. ती पेनड्राइव्ह ड्रॉवरमधून काढा. तुम्ही प्रामाणिक आहात ह्यात शंका नाही, पण डिजिटल सिग्नेचर म्हणजे त्या माणसाची सही, ती त्याच्याच ताब्यात राहिली पाहिजे असं 2000 च्या आयटी कायद्यातच आहे, आणि दुसऱ्याची सही लबाडीनं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही लबाडी करत नाही, मान्य. पण उद्या भाऊबंदकीत किंवा बँकेच्या भानगडीत कुणी म्हणालं की हे मी केलंच नाही, तर पेनड्राइव्ह कुणाच्या ड्रॉवरमध्ये होती एवढंच विचारतील. एका पाकिटात घाला, परत दिल्याची पोच घ्या. बँकेचे ओटीपी फोनवर सांगून चालवायची पद्धत असेल तर तीही बंद. जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण, 11 तारखेला, पीएफ 15 ला, 3बी, म्हणजे टॅक्स भरायचं विवरण, 20 ला, ह्या तारखा त्याच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये तुमच्यासमोर टाकून घ्या. त्यानं सही केली नाही आणि 3बी उशिरा गेला तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि थकलेल्या टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, हे एकदा त्याच्या खिशातून जाऊ दे. तुम्ही दर महिन्याला धावत जाऊन वाचवता म्हणून त्याला काही तुटतंय हे कळतच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, तुमच्याकडं तर कुत्र्यालाही हाकलणाऱ्या तुम्हीच, पगार मात्र दळणाराचाच.

फक्त पीएफच्या बाबतीत असं सोडून देऊ नका, ते पैसे कामगारांच्या पगारातून कापलेले असतात. उमंग अॅपवर स्वतःचं पासबुक बघा, हमाल-ऑपरेटरनाही बघायला शिकवा. चौकशी कामगारांकडून आलेली बरी, तुमच्या एकटीकडून नको.

पगाराचं सांगायचं तर तो शनिवारच्या पंधरा मिनिटांत मागायचा नाही, वेगळी वेळ मागा, लेखी मागा. अण्णांच्या वेळी तुमच्याकडं काय होतं आणि आज काय काय आहे, दोन रकाने, बस. अण्णांचं नाव घेऊन डोळ्यात पाणी वगैरे आणू नका, त्या पोराला ते नाव आधीच जड झालं असेल.

सोडू का? लगेच नको, पण बघायला आजपासून लागा. कुपवाड, मिरज भागात जीएसटी-पीएफ एकहाती सांभाळणारं माणूस कुणाला नको असतं. तुमच्याकडं दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, स्वतः राजीनामा दिला तरी. हिशेब तुम्हाला येतोच, तरी लिहितो, शेवटचा बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. बेसिक-डीए मिळून 13,000 असेल तर सात वर्षांचे 52,500 होतात. फेब्रुवारीत नवा माल यायला लागला की तुम्हाला मान वर करायला वेळ मिळणार नाही, म्हणून त्याच्या आत कागदावर आकडा आणि पगारावर उत्तर, दोन्ही मिळतंय का बघा. मिळालं नाही तर सीझनच्या तोंडावर सोडून त्याला खिंडीत पकडू नका, महिनाभर आधी नोटीस द्या, शेतकऱ्यांच्या पावत्या जुळवून द्या आणि निघा.

व्हॉल्व्हचं काय झालं ते मात्र चार दिवसांत कळवा.