आईला आलेली फेरफार नोटीस, मोजणीचा कागद आणि सीआरझेडचा फॉरवर्ड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. आईचं माहेर देवगड तालुक्यात, घर खाडीकाठी, वर कातळावर वडिलोपार्जित कलमांची बाग. तुमचे आजोबा गेले आणि आता मामेभावाने डोंबिवलीला तुमच्या फोनवर तीन कागद पाठवले. एक आईच्या नावाची फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस. दुसरी शेजारच्या गटाच्या मोजणीची नोटीस. तिसरी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या सरकारी नियमांची, पीडीएफ, वर कोणीतरी लिहिलंय, ‘२०० मीटरमधली सगळी घरं जाणार’. मामा म्हणतात, काही नाही, सही करून टाक. आई म्हणते, हरकत घेतली तर भावांना काय वाटेल. आणि तुम्ही विचारताय की यातलं घाबरण्यासारखं कोणतं.

मी महसूल खात्यात २९ वर्षं काढली, सगळी कोकणातच, शेवटची काही मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा अधिकारी, म्हणून. असे कागद मी काढलेही आहेत आणि लोकांना वाचून दाखवलेही आहेत. भाषा मराठी असूनही शिकल्यासवरल्या माणसाला त्यातलं काही उमगत नाही, हा वाचणाऱ्याचा दोष नव्हे. म्हणून कागद वरून खाली वाचत जाऊ नका. आधी दोनच गोष्टी शोधा : हा कागद माझ्याकडून काय मागतोय, आणि कधीपर्यंत. या हिशोबाने पाहिलं तर फेरफाराची नोटीस तुमचं म्हणणं मागते आणि त्याला १५ दिवसांची मुदत आहे. मोजणीची नोटीस एका दिवसाची हजेरी मागते. सीआरझेडची पीडीएफ तुमच्याकडे आज काहीच मागत नाही. गावात बोलबाला मात्र तिचाच सगळ्यात जास्त असणार.

आता फेरफार. जमिनीच्या हक्कात काही बदल झाला, म्हणजे कोणी वारलं, जमीन विकली, वाटणी झाली, तर तो बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. सातबारा त्यानंतर बदलतो. मधल्या काळात तलाठ्याने (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात) त्या नोंदीची प्रत चावडीत लावायची असते आणि ज्यांचा संबंध दिसतो त्या सगळ्यांना लेखी कळवायचं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्याकडे आलेली हीच ती नमुना ९ ची नोटीस. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो आणि ती सातबाऱ्यावर चढते.

म्हणजे नोटीस आली याचा अर्थ जमीन गेली असा होत नाही. अजून काही ठरलेलं नाही, तुम्हाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, एवढाच तिचा अर्थ. उलट नोटीस न येणं ही जास्त काळजीची गोष्ट.

मामेभावाने पाठवलेल्या फोटोत नेमका खालचा भाग कापला गेलाय. नोंदीचा तपशील तिथेच असतो. वारस म्हणून कोणाकोणाची नावं लागणार आहेत ते त्यात वाचायचं. आजी, दोन्ही मामा आणि तुमची आई, अशी चारही नावं बरोबर असतील तर काही करायची गरज नाही. पंधरा दिवस जाऊ द्या, नोंद होईल. आईचं नाव नसेल तर हरकत घ्यायलाच हवी. तिसरी शक्यता म्हणजे आईचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलंय. आपल्याकडे बहिणींची नावं पूर्वी सर्रास तिथे ढकलायचे. तिचा हक्क भावांइतकाच आहे, तेव्हा नावही भावांच्या शेजारी कब्जेदाराच्या, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर असते त्यांच्या, रकान्यातच यायला हवं. हिंदू वारसा कायद्याने विधवा पत्नी, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा इथे काही संबंध नाही. वडिलोपार्जित एकत्र जमिनीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला.

आणखी एक गोष्ट बघा. आजोबांच्या नावापुढे सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ असं काही आहे का? एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब पुढारी. पूर्वी सगळ्या भावंडांच्या वतीने थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागायचं, बाकीचे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. असा थोरला वारला की वारस म्हणून त्याच्याच मुलांची नावं लागायची आणि बाकीच्या शाखा कागदावरून पुसल्या जायच्या. कोणी मुद्दाम केलं असं दर वेळी नसतं. विचारणारं तिथे कोणी नसायचं. आजोबा मॅनेजर असतील, तर त्यांच्या भावा-बहिणींच्या मुलांनाही ही नोंद कळली पाहिजे. त्या नातेवाइकांना फोटो पाठवा. तुमचं नाव लागलं म्हणून तुमचं काम संपलं असं करू नका.

आता आईच्या मनातली भीती. हरकत म्हणजे भांडण नव्हे, कोर्टकेस तर नव्हेच. हरकत तोंडी सांगितली तरी चालते, लेखी दिलेली बरी. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिणं आणि तिची लेखी पोच लगेच देणं हे तलाठ्याचं काम आहे, कायद्यातच तसं म्हटलंय. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मग मंडळ अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून ऐकून घेतो. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी वारस-हरकती अशा होत्या की भाऊच म्हणाले, ‘ताईचं नाव राहून गेलं, घाला.’ आईने आधी भावाला फोन करावा, मनात काही न ठेवता सांगावं, ‘नोंदीत माझं नाव दिसत नाही, मी तेवढंच लिहून देतेय.’ गणपतीला समोरासमोर बसून हे बोलायचं ठरवाल, तर तोवर पंधरा दिवस उलटून गेलेले असतील.

मामा ‘सही कर’ म्हणतात ती कशावर, हे मात्र पक्कं विचारा. नोटिशीच्या पोचेवर सही करायला हरकत नाही, फक्त सहीखाली ‘नोटीस मिळाली’ आणि त्या दिवसाची तारीख आईने स्वतःच्या हाताने लिहावी. जबाब असेल तर तो पूर्ण वाचून मगच सही. ‘मला हिस्सा नको’ असं जबाबात किंवा नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं म्हणून हक्क सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलं हक्कसोडपत्रच लागतं. पण असा जबाब कागदावर राहतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो. आईला खरोखरच भावांना हिस्सा द्यायचा असेल तर जरूर द्यावा, तो तिचा मोठेपणा. आधी नाव लागू दे, मग रीतसर हक्कसोडपत्र करू दे. कोऱ्या कागदावर सही कोणाच्याही सांगण्यावरून नको, सख्ख्या भावाच्याही नाही.

हे एवढं लांबवून लिहिण्याचं कारण आहे. एकदा एक आजी माझ्याकडे पिशवीत गुंडाळलेली नोटीस घेऊन आल्या. पत्र सरकारी आहे म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्यामागे जपून ठेवली होती, चार वर्षं. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा वाचेल, असं म्हणत राहिल्या. नोंद केव्हाच प्रमाणित होऊन गेलेली. पुढे अपील करून, उशीर माफ करून घेऊन त्यांचं नाव लागलं, पण तोवर त्या नव्हत्या. तेव्हापासून नोटीस देणाऱ्या प्रत्येक तलाठ्याला मी सांगायचो, कागद देऊन येऊ नका, वाचून दाखवून या.

तुमची मुदत उलटलीच असली तरी वाट बंद होत नाही. प्रमाणित नोंदीविरुद्ध ६० दिवसांत प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, कलम २४७ खाली अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफही होतो. शिवाय फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, तो महसुलाचा अभिलेख आहे. पण कायदा ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतो आणि उलट सिद्ध करायचं ओझं मग तुमच्या आईवर येतं. म्हणून पंधरा दिवसांत चार ओळी लिहिणं सोपं. चालू फेरफारांच्या नोटिसा महाभूमी या राज्याच्या जमीन अभिलेखांच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’मध्ये गावाचं नाव निवडून घरबसल्या दिसतात. बाहेरगावी राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तिथे डोकावावं. एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या वारस नोंदी घेण्यात आल्या. जुन्या नावांना हात लागला की चुकाही होतात, म्हणून आपल्या गावाचं पान तर जरूर बघा.

अर्ज साधा ठेवा. तलाठ्याच्या नावे, फेरफार क्रमांक आणि गट क्रमांक घालून : ‘सदर नोंदीत मयत खातेदारांची मुलगी म्हणून माझे नाव समाविष्ट नाही. माझे नाव वारस म्हणून कब्जेदार सदरी दाखल करावे व नोंद प्रमाणित करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकावे.’ सोबत आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आईचा जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावा. आईला प्रवास झेपत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मोजणीची नोटीस भूमी अभिलेख खात्याची आहे. शेजाऱ्याने त्याच्या गटाची मोजणी मागितली, तुम्ही लगतचे कब्जेदार म्हणून खात्याने तुम्हाला कळवलं. त्या दिवशी आपलं कोणीतरी गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणाशी, उभं राहायला हवं. कोणी नसलं तरी मोजणी थांबत नाही. मोजणीदाराला आपली वहिवाट कुठपर्यंत, जुना गडगा कोणता, हे दाखवायचं. खुणा पटल्या नाहीत तर जागेवरच तसं लिहून द्यायचं. मामा असतीलच, तेवढं पुरे.

सीआरझेडबद्दल. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. तिन्ही केंद्र सरकारच्या. तुम्हाला आलेली पीडीएफ २०१९ चीच आहे, पहिल्या पानावर तारीख आहे. म्हणजे ‘कालच निघालेला नवा नियम’ हे फॉरवर्डमधलं पहिलंच वाक्य चूक. आणि त्यातही २०१९ चे नियम एखाद्या किनाऱ्याला लागतात ते तिथला किनारा व्यवस्थापन आराखडा नव्याने मंजूर झाल्यावर. तोवर २०११ चा आराखडा चालतो.

२०० मीटर हा आकडा आहे, पण तो समुद्रकाठच्या, विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाचा. चौरस किलोमीटरमागे २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर, पण आपल्याकडची गावं इतकी दाट नाहीत. खाडीकाठी २०१९ च्या नियमाने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. आईचं घर खाडीकाठी आहे ना, मग २०० चा आकडा त्याला लावायचाच नाही. अंतर मोजतात ते भरती रेषेपासून, म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर चढतं तिथून. पावसाळ्यात लाट अंगणात आली म्हणून रेषा अंगणात येत नाही.

या पट्ट्याला ‘ना विकास क्षेत्र’ म्हणतात आणि या नावानेच निम्मी घबराट होते. तिथे नवीन बांधकामावर बंधन आहे. पूर्वीपासून असलेलं अधिकृत घर दुरुस्त करायला किंवा तेवढ्याच जोत्यावर, तेवढ्याच चटई क्षेत्रात पुन्हा बांधायला मनाई नाही. शेती, बागायतही चालते. २०१९ मध्ये तर स्थानिकांना घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता पाहुण्यांची न्याहारी-निवास सोय करायलाही मुभा दिली. घरं पाडा असं त्या पीडीएफमध्ये कुठेही नाही.

तुम्ही करायचं ते एवढंच, की घर जुनं असल्याचा कागद काढून ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. महसूलचा ८ अ वेगळा, तो खात्याचा, लोक नेहमी गल्लत करतात. १९९१ च्या आधीच्या आकारणीत घर दिसत असेल तर तो उतारा फार मोलाचा, त्याची सही-शिक्क्याची नक्कल आत्ताच घ्या. आणि फॉरवर्डबरोबरच्या नकाशावर लाल रेघ घरावरून जाते म्हणून घाबरला असाल, तर त्या नकाशाचं प्रमाण बघा. १:२५,००० वर एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर. पेनाच्या रेघेतच अख्खी वाडी झाकली जाते. घर आत की बाहेर हे १:४,००० च्या, गट क्रमांक दाखवणाऱ्या नकाशावरच कळतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तो मागता येतो.

आता फेरफार नोटिशीचा पूर्ण फोटो, पुढून-मागून, मागवून घ्या आणि पाकीट असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्काही. नावं आणि गट क्रमांक झाकून इथे टाका. आईला नोटीस कोणत्या तारखेला मिळाली तेही लिहा. आज रात्री नऊनंतर मी आहे. नोंदीचा तपशील वाचून सांगतो, म्हणजे अर्ज उद्याच देता येईल.