मंडळीच्या सामाजिक सेवाकार्यासाठी चर्चच्या संस्थांकडून अनुदान मिळवायचे असल्यास अर्ज कसा लिहावा?

सलाम.

आपल्या छोट्या मंडळीला वस्तीतील वृद्धांसाठी सेवाकार्य सुरू करायचे आहे, त्याकरिता चर्चच्या संस्थांकडे अनुदानाचा अर्ज कसा करावा, आणि कोणाकडे मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना असल्यास तो द्यावा, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण सहज एक ओळ जोडली आहे : ‘स्थानिक वाटा दाखवावा लागतो असे ऐकतो, तो कसा दाखवतात?’ मी हे उत्तर लिहायला बसलो तो त्या ‘दाखवतात’ या शब्दामुळे. नगर जिल्ह्यातील एका पास्टोरेटचा, म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखालील मंडळीचा, मी अकरा वर्षे खजिनदार होतो, आणि या एका शब्दापायी माझे व आमच्या सेक्रेटरींचे जे बिनसले ते आजतागायत पुरते जुळलेले नाही.

प्रथम परदेशी पैशाचा विषय संपवतो, कारण प्रत्येक कमिटीत कोणीतरी जर्मनीतील पत्ता खिशात घेऊन येतोच. मिझेरिऑर किंवा ब्रोट फ्यूर दी वेल्ट यांसारख्या संस्था आहेत हे खरे; परंतु विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला त्यांचा एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. पूर्वी एका नोंदणीकृत संस्थेला तो दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे वर्ग करता येत असे; सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद झाला. म्हणजे डायोसिसकडे (बिशपच्या प्रांताकडे) नोंदणी असली तरी ‘डायोसिसने घ्यावे आणि आम्हाला द्यावे’ हे आता चालत नाही. डायोसिसनेच आपला प्रकल्प म्हणून, आपल्या वह्यांत खर्च लिहून आपल्या गावात काम चालवले तर गोष्ट वेगळी. आखातात किंवा अमेरिकेत असलेला आपला एखादा भाऊबंद भारतीय पासपोर्टावर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर तो पैसा विदेशी धरला जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर धरला जातो. हा फरक पावती फाडण्यापूर्वी विचारून घ्यावा.

आपल्यासारख्यांनी देशातच पाहावे, हे माझे मत आहे. डायोसिसचा सामाजिक विभाग, उत्तर भारतीय मंडळीचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) दिल्लीतील समाजसेवा मंडळ, आणि मोठ्या शहरांतील जुन्या, उत्पन्न असलेल्या मंडळ्या, ज्या आपल्या अर्पणातून खेड्यांतील कामासाठी काही रक्कम राखून ठेवतात. आम्ही या शेवटच्या प्रकारातील एका मंडळीकडे अर्ज केला होता. तिचे नाव मी देणार नाही, कारण तिची यात काहीही चूक नव्हती.

२०१७ च्या जून महिन्यात आम्ही घरभेट सेवा सुरू केली. सहा गावांतील ३१ माणसे अंथरुणाला खिळलेली होती. कोणी अर्धांगवायूने, कोणी मांडीचे हाड मोडल्याने, कोणी केवळ वयाने. मुलगा पुण्याला कंपनीत, सून दिवसभर रोजाने, आणि म्हातारी एका कुशीवर पडून, अशी ती घरे होती. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टर (परिचारिका) आणि मंडळीतील दोन भगिनी आठवड्यातून दोन वेळा प्रत्येक घरी जात, अंग पुसत, कूस बदलून देत, पाठीच्या जखमांचे ड्रेसिंग करत, रक्तदाब पाहत आणि गोळ्या संपल्या असतील तर सरकारी दवाखान्यातून आणून देत. ३१ पैकी ख्रिस्ती फक्त नऊ होते. यादीत धर्माचा रकाना ठेवू नये असे मीच सुचवले होते आणि पाळकसाहेबांनी ते एका शब्दात मान्य केले. ड्रेसिंग करताना पत्रके वाटायची नाहीत, हेही ठरावात लिहिले होते. आपणही लिहावे. अर्ज वाचणारा ते पाहतोच, आणि गावातील लोक त्याहून बारकाईने पाहतात.

वर्षाचे अंदाजपत्रक ४,८०,००० रुपयांचे होते. सिस्टरांचे मानधन दरमहा १२,०००, दोघी भगिनींचे प्रत्येकी ५,०००, ड्रेसिंगचे सामान व औषधे ९,०००, प्रवास ६,०००, आणि वर्षाकाठी ३६,००० प्रशिक्षण व हिशेब तपासणीसाठी. त्यापैकी ३,६०,००० अनुदान दोन हप्त्यांत यायचे होते आणि उरलेले १,२०,०००, म्हणजे पंचवीस टक्के, आमचा स्थानिक वाटा होता. ८५ कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये द्यायचे आणि उरलेली रक्कम कापणीच्या सणाच्या लिलावातून उभी करायची, असा सर्वानुमते ठराव झाला होता. प्रोसिडिंग बुकात माझ्याच अक्षरात तो आहे.

सहा महिन्यांनी अहवाल पाठवायची वेळ आली तेव्हा ६०,००० रुपयांचा वाटा जमलेला असायला हवा होता. कुटुंबांकडून १९,९०० आले होते. लिलाव चांगला झाला होता. स्त्रियांनी वर्षभर मूठमूठ बाजूला काढलेली बाजरी, दोन कोंबड्या आणि एक भोपळा, जो लोकांनी पुन्हापुन्हा बोली लावून परत अर्पण केला, असे सारे मिळून १३,५०० झाले. एकूण ३३,४००. लोक वाईट नव्हते. आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि शाळा, दवाखाना, बोर्डिंग हे सर्व कोणीतरी देते ही सवय पाच-सहा पिढ्यांची आहे. ‘अनुदान आलेच आहे, मग आमचे शंभर कशाला?’ असे मला एका शिक्षकाने, पगारदार माणसाने, चर्चच्या पायरीवर विचारले होते.

कमी पडत होते २६,६०० रुपये. सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय कामसू माणूस. सर्व पत्रव्यवहार त्यांच्याच हातचा. त्यांनी अहवालात एक ओळ घातली : ‘चर्चच्या हॉलचे भाडे, दरमहा ४,५०० प्रमाणे, सहा महिने, २७,०००.’ बेरीज ६०,४०० झाली आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. त्या हॉलमध्ये सिस्टर व दोघी भगिनी महिन्यातून एकदा दोन तास बसत असत. हॉल गावात कोणी पाचशे रुपयांनाही भाड्याने घेतला नसता. आणि मुख्य म्हणजे तो आमचा नव्हताच; आपल्याकडील बहुतेक चर्चच्या जागा ट्रस्ट असोसिएशनच्या, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नावावर असतात, तशी तीही होती. जे आपले नाही, ते न भरलेल्या भाड्याच्या रूपाने आपण दिले असे लिहायचे, हे मला जमेना. मी जिल्हा सहकारी बँकेत तीस वर्षे कीर्द लिहिली आहे. सही केली नाही. स्वतंत्र कागदावर ‘स्थानिक वाटा २६,६०० रुपयांनी कमी आहे, पुढील सहा महिन्यांत भरून काढण्याचा प्रयत्न करू’ असे लिहिले, पाळकसाहेबांची सही घेतली आणि पाठवून दिले.

दुसरा हप्ता थांबला. खुलासा मागितला गेला, खुलासा दिला, त्यांची समिती तीन महिन्यांनी बसणार होती, ती चार महिन्यांनी बसली. फेब्रुवारीत सिस्टर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात रुजू झाल्या, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. भगिनींनी विनामानधन एक महिना ओढला. त्यानंतर पाच महिने घरभेटी बंद होत्या. वरच्या आळीतील एक मावशी, ज्यांची पाठीची जखम दिवाळीपर्यंत जवळजवळ भरत आली होती, त्यांची जखम पुन्हा उघडली. सेक्रेटरी त्या काळात मला भेटले की एवढेच विचारत : ‘खजिनदारसाहेब, आज ड्रेसिंग कोण करणार?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही फारसे नाही. तरीही त्यांची ओळ चूक होती असेच मी म्हणतो. ‘फंड’ हा शब्द आपण असा वापरतो, जणू तो कुठल्या तरी खाणीतून निघतो. मिझेरिऑर १९५८ साली सुरू झाली ती जर्मनीतील कॅथलिक लोकांच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील दानातून. ब्रोट फ्यूर दी वेल्ट १९५९ साली, प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या नाताळपूर्वीच्या आगमनकाळातील अर्पणातून. आम्हाला पैसे देणाऱ्या शहरातील मंडळीचेही तेच. तिथेही कोणीतरी पेन्शनीतून पाकीट टाकलेले असते. बायबलमधील गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांवर (लहानशा नाण्यांवर) आपण दरवर्षी प्रवचन ऐकतो आणि तिच्याच टोल्यांपुढे हॉलचे खोटे भाडे मांडतो. शिवाय हे व्यवहारालाही धरून नाही. भाड्याची ती ओळ तपासनीसाला पहिल्या नजरेत दिसते, कारण भाड्याची पावती नसते, जमेची नोंद नसते आणि ट्रस्ट असोसिएशनचे पत्र नसते. एकदा का अशी ओळ सापडली की उरलेल्या सर्व खऱ्या ओळींकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो.

म्हणून अर्ज कसा लिहावा, याचे माझे उत्तर थोडे उलटे आहे. अर्जापूर्वी सहा महिने काम आपल्याच पैशाने, अगदी चार घरांपुरते, सुरू करावे आणि त्याचे पावती पुस्तक व रोजवही ठेवावी. ‘गरीब, पीडित व वंचित बांधव’ असली वाक्ये सोडून किती घरे, कोणत्या गावात, आठवड्यातून किती वेळा, एका भेटीला किती खर्च, एवढे लिहावे. आम्हाला अर्ज मंजूर झाल्याचे कळवताना जी दोन वाक्ये वेगळी लिहून आली होती ती आमच्या रोजवहीबद्दल होती, मी तीन रात्री जागून लिहिलेल्या प्रस्तावनेबद्दल नव्हती. पास्टोरेट कमिटीचा ठराव जोडावा, अनुदानाचे वेगळे बँक खाते ठेवावे, आणि अनुदान संपल्यावर काम कोणाच्या जिवावर चालेल या रकान्यात ‘देव पुरवील’ असे लिहू नये. तो पुरवतो, परंतु रकाना आपल्यासाठी आहे. स्थानिक देणगीदारांना करसवलतीची पावती द्यायची असेल तर आपल्या ट्रस्टच्या घटनेत ‘फक्त ख्रिस्ती समाजाच्या हितासाठी’ असे शब्द आहेत का ते आधी पाहावे. असतील तर ती सवलत मिळत नाही.

आता काही गोष्टी, ज्या वर लिहायला हव्या होत्या. वस्तुरूप किंवा श्रमरूप वाटा दाखवणे मुळातच गैर आहे असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नये. अनेक संस्था तो मान्य करतात. मंडळीतील निवृत्त परिचारिकेने विनामूल्य दिलेले तास हजेरीवहीसह लिहावेत, कोणी मोटारसायकल पेट्रोलसह दिली तर तीही लिहावी. दर मात्र गावातील खरा असावा आणि हे सर्व अर्जातच सांगितलेले असावे, अहवालाच्या वेळी सुचलेले नसावे. सेक्रेटरींनी हॉलऐवजी आमच्या दोघी भगिनींनी मानधनापलीकडे दिलेले तास मांडले असते, आणि तसे करण्याची परवानगी आधी मागितली असती, तर मी आनंदाने सही केली असती. मी त्यांना हे तेव्हा सुचवले नाही. सही नाकारण्यात माझे इतके लक्ष गुंतले होते की दुसरा मार्ग शोधण्याचे काम माझेही आहे, हे मनात आले नाही. एक दूरध्वनी करून त्या समितीला आधी कल्पना दिली असती तरी कदाचित चार महिने वाचले असते.

आणखी एक. जुलै महिन्यात त्या मंडळीचे एक वयस्कर गृहस्थ प्रत्यक्ष पाहणीला आले, वह्या पाहिल्या, मावशींच्या घरी जाऊन आले आणि चहा घेताना त्यांनी मला विचारले, की आमच्या नियमात स्थानिक वाटा किमान दहा टक्के आहे, मग तुम्ही पंचवीस का लिहिला? दहा टक्क्यांनी आमचा सहामाही वाटा २४,००० झाला असता आणि आमच्याकडे ३३,४०० होते. सेक्रेटरी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले व काही बोलले नाहीत, कारण पंचवीस हा आकडा माझा होता. स्वावलंबी मंडळी म्हणून आमची छाप पडावी, यासाठी तो मी कमिटीत आग्रहाने घालून घेतला होता. ८५ कुटुंबांपैकी किती खरोखर देतील, हे अकरा वर्षे पावत्या फाडणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये आला आणि सेवा नव्या परिचारिकेसह पुन्हा सुरू झाली.

आपण नमुना अर्ज मागितला आहे. माझ्याकडे मंजूर झालेला अर्ज एकच आहे आणि तो हाच आहे. नमुन्यातील आकडे लोक जसेच्या तसे उतरवतात असा माझा अनुभव असल्यामुळे तो मी पाठवत नाही. आपल्या मंडळीची मागील दोन वर्षांची पावती पुस्तके काढावीत आणि स्थानिक वाट्याचा रकाना त्यांवरून भरावा.