बोरीबंदरचा फोटो: साल इमारतीत नाही, रस्त्यावर शोधा

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला फोटो तुम्ही टाकलात. मागे पेन्सिलीने 'बोरीबंदर, १८९०' लिहिलंय, ते खरं का, असा प्रश्न आहे. जागा बरोबर आहे (मुंबईत व्ही.टी., म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनचा परिसर), साल नाही.

डावीकडचा मनोरा महापालिकेच्या इमारतीचा. ती पुरी झाली १८९३ साली, म्हणजे १८९० तिथेच बाद. पण इमारतीवरून याच्या पुढे जाता येत नाही. महापालिका काय किंवा समोरचं व्ही.टी. काय (दोन्ही वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सच्याच हातची), बाहेरून शंभराहून जास्त वर्षं जवळजवळ तशीच उभी आहेत. बदलला तो त्यांच्या पायाशी असलेला रस्ता.

म्हणून ट्रामकडे बघा. मुंबईत ट्राम १८७४ला आली ती घोड्यांची. तुमच्या फोटोत घोडे नाहीत, वर तार आहे. विजेची ट्राम १९०७ची. आणि फोटो मोठा केलात तर दिसेल, ट्रामच्या वरच्या मजल्यावरही माणसं बसलीत! दुमजली ट्राम १९२०ला सुरू झाली. दुसरी हद्दही ट्रामच देते: शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला याच बोरीबंदरहून दादरला गेली.

यातलं अंतर कमी करायला मी माणसांच्या डोक्याकडे बघतो. उजव्या कडेला पागोटी आहेत, काळ्या टोप्या आहेत आणि मला तरी दोन पांढऱ्या गांधी टोप्या दिसतात. असहकाराच्या चळवळीनंतर त्या रस्तोरस्ती दिसू लागल्या. बस कुठे दिसत नाही, पण म्हणून फोटो १९२६च्या, म्हणजे बस सुरू होण्याच्या आधीचा ठरत नाही. त्या क्षणी बस नसेल आली, एवढंच. नसलेल्या गोष्टीवरून साल ठरवायचं मी टाळतो.

माझा अंदाज १९२०चं दशक किंवा १९३०च्या दशकाची सुरुवात. ट्रामच्या कपाळावर पाटी आहे, पण तुमच्या प्रतीत ती पुसट झालीय. मोबाइलने फोटो काढण्याऐवजी ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही करा. लॅमिनेशन अजिबात नको. आणि ती पेन्सिल खोडू नका. साल चुकलं असलं तरी अक्षर आजोबांचं असू शकतं, घरातल्या जुन्या पत्रांशी ताडून बघा.