वाचकांचे प्रश्न : वेकबोर्डिंगच्या बोटीत वजन कशाचं टाकावं?

प्रश्न : वेकबोर्डिंगसाठी (बोटीला बांधलेली दोरी धरून, पायाला फळी लावून मागच्या लाटेवरून उड्या मारायचा खेळ) आमची बोट 19 फुटी आहे, इंजीन आतलं. मागे उठणारी लाट बसकी वाटते. कायमच्या बॅलास्ट टाक्या (बॅलास्ट म्हणजे बोट पाण्यात खोल बसावी म्हणून मुद्दाम टाकलेलं वजन) परवडत नाहीत. काढता-घालता येईल असं दीड-दोनशे किलो वजन हवं आहे. पाण्याच्या पिशव्या, शिसं की वाळूची पोती?

उत्तर : पाण्याच्या पिशव्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते जागेवर फुकट मिळतं आणि परतताना तिथेच सोडून देता येतं. पण याहून मोठं कारण सुरक्षिततेचं आहे. बोटीत पाणी भरलंच, तर पिशवीतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड असल्याने बोटीला आणखी खाली ओढत नाही. शिसं पाण्याच्या 11 पट जड, ते ओढतच राहतं. वाळूचं पोतं ओलं झालं की वजन बदलतं आणि फाटलं की वाळू तळातल्या पंपात जाऊन तो अडकतो, तोही नेमका गरजेच्या वेळी. वाळू नकोच.

आकडा ठरवण्याआधी बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. समजा तिच्यावर माणसं आणि सामान मिळून 680 किलो लिहिलं आहे. 75 किलोची सहा माणसं म्हणजे 450, सामान 50, उरले 180. बॅलास्ट तेवढंच. सातवा माणूस चढला तर त्याच्या वजनाइतकं पाणी काढायचं.

180 किलोची एक पिशवी घेण्यापेक्षा 90 च्या दोन घ्या. अर्धवट भरलेल्या मोठ्या पिशवीतलं पाणी वळणावर खालच्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. म्हणून हवा पूर्ण काढून तुडुंब भरता येईल अशाच मापाची पिशवी हवी. जाड पीव्हीसी, वेल्ड केलेले जोड आणि हवा सोडायचं वेगळं तोंड बघून घ्या. पट्टे रिकामी पिशवी उचलण्यापुरतेच असतात. भरलेली ओढली की शिवण तिथेच उसवते. खाली रबरी मॅट घाला, वर आलेले स्क्रू झाका.

भरायला 12 व्होल्टचा, ताशी 3,000 लिटरचा सबमर्सिबल पंप पुरतो. हिशेबाने 90 लिटरला दोन मिनिटं. पण उंची आणि नळीची वळणं यांमुळे तीन-चार धरा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बोट उभी असतानाच पंप बाहेर पाण्यात सोडा. पिशवी भरली की लगेच बूच लावा. नळी तशीच राहिली, तर पिशवीतली पातळी बाहेरच्या पाण्याहून वर असल्यास पाणी उलटं निघून जातं. खाली असल्यास बाहेरचं आत येत राहतं. रिकामं करताना हा पंप पिशवीच्या तोंडापेक्षा खाली ठेवा, नाहीतर हवा धरतो. दोन्ही दिशांना चालणारा रबरी इंपेलरचा (फिरत्या पात्यांच्या चाकाचा) पंप स्वतः ओढून घेतो, पण कोरडा फिरला की रबर जळतं.

प्रश्न : वजन टाकल्यावर एका बाजूची लाट छान, दुसऱ्या बाजूची फेसाळून ढासळते. काय करावं?

उत्तर : बोट कललेली आहे. ज्या बाजूला फेस येतो, त्या बाजूला थोडं वजन सरकवा. आधी एका माणसाची जागा बदलून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. शिशाचे छर्रे भरलेली 10 किलोची बंद पिशवी इथे खरी उपयोगी. ती घट्ट बांधून ठेवा, धक्क्याने सरकता कामा नये.

दोन्हीकडे फेस असेल तर वेग ताशी एक-दोन किलोमीटरने वाढवा किंवा मागचं थोडं वजन पुढे आणा. सुरुवातीला दोन भाग मागे, एक भाग पुढे अशी वाटणी ठीक. मागे वाढवलं की लाट उंच आणि खडी होते, पुढे वाढवलं की तिचा उतार सौम्य होतो. बोटीचं तोंड इतकं वर आलं की चालकाला समोरचं दिसत नाही, तर मागचं वजन जास्त झालंय. पुढे जास्त टाकलं तर वेग कमी करताना बोटीची स्वतःचीच लाट पुढून आत येते. हा दोष जास्त धोक्याचा.

प्रश्न : भरलेल्या पिशव्यांसकट बोट ट्रेलरवर चढवली तर चालेल?

उत्तर : नाही. ते 180 किलो ट्रेलरच्या आसावर आणि टायरांवर येतात. भरलेलं पाणी त्याच जलाशयात सोडा आणि पिशव्या तोंड उघडं ठेवून पूर्ण वाळवा. ओल्या पिशवीतून शेवाळ आणि शिंपल्यांची सूक्ष्म पिल्लं दुसऱ्या तलावात पोचतात, आणि एकदा रुजली की निघत नाहीत.